विषय: ३० जूननंतर आरोग्य विम्याचं काय? (अर्धवेळ डॉक्टर, मिशिगन)

मंडळी, नमस्कार.

मी इथल्या एका मोठ्या हॉस्पिटल सिस्टिममध्ये इंटर्नल मेडिसिन करते. सांगलीला बाबा एकटे आहेत, आता त्यांना एकटं ठेवणं बरं वाटत नाही. त्यामुळे ३० जूनला पूर्णवेळ नोकरी सोडून पुढे लोकम (हॉस्पिटलांत तात्पुरतं, बदली डॉक्टरचं काम) करायचं आणि वर्षातले काही महिने सांगलीत राहायचं असं ठरवलंय. बाकी सगळं जमतंय, विम्यापाशी गाडी अडली आहे.

माझ्या नवऱ्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांचा आजार) आहे, दर पंधरवड्याला बायॉलॉजिकचं (जैविक औषधाचं) इंजेक्शन लागतं. ते घरून थोडंफार शिकवतात, तिथून विमा मिळत नाही. लेक कॉलेजात आहे, ती आमच्याच पॉलिसीवर. एचआरला विचारलं तर "पर डिएम (रोजंदारीवरच्या) डॉक्टरांना बेनिफिट्स नाहीत" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. कोब्रा (नोकरी सुटल्यावर जुनाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं) घ्यावं की मार्केटप्लेसवर (सरकारी विमा-बाजारात) जावं? एका सहकाऱ्याने स्वस्तातली एक हेल्थ शेअरिंग योजना सुचवली आहे, तीही पाहू का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माधवी, ट्रॉय

---

माधवीताई,

शेअरिंगचा विचार आजच सोडून द्या. तो विमा नाही. सभासदांनी एकमेकांची बिलं वाटून घ्यायची व्यवस्था आहे, बिल भरलंच पाहिजे असं कायदेशीर बंधन कुणावर नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांवर बहुतेक ठिकाणी मर्यादा असतात. तुमच्या घरात बायॉलॉजिक चालू आहे. शॉर्ट-टर्म प्लॅनचंही तेच, जुना आजार ते घेत नाहीत. मार्केटप्लेसच्या प्लॅनला मात्र २०१४ पासून जुन्या आजारामुळे कुणाला नाकारता येत नाही, की त्यासाठी जास्त प्रीमियमही लावता येत नाही.

मी भूलतज्ज्ञ, काही वर्षं लोकमच करतोय. एजन्सी मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांचा विमा) देते, विमानाचं तिकीट आणि राहण्याची सोय करते, आरोग्य विमा सहसा आपला आपणच बघायचा.

आता मुख्य गोष्ट. यंदाचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स (वर्षात आपल्या खिशातून जाणारी कमाल रक्कम) किती भरून झालंय, ते आधी पोर्टलवर पाहा. बायॉलॉजिक घेणाऱ्या घरात ते बऱ्याचदा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच भरून जातं. तुमचं भरलं असेल आणि १ जुलैपासून नवा प्लॅन घेतलात, तर मीटर पुन्हा शून्यावर येतो. कोब्रा म्हणजे तुमचाच जुना प्लॅन, त्यामुळे भरलेलं डिडक्टिबल तसंच मोजलं जातं, यांचे डॉक्टरही तेच राहतात. म्हणून माझं मत असं: जुलै ते डिसेंबर कोब्रा, १ नोव्हेंबरला ओपन एन्रोलमेंट (विमा निवडायचा वार्षिक काळ) सुरू झालं की मार्केटप्लेसचा प्लॅन निवडायचा, आणि १ जानेवारीपासून तिकडे जायचं. जानेवारीपासून हवा असेल तर १५ डिसेंबरच्या आत नाव नोंदवा.

एक खबरदारी. कोब्रा महाग पडतंय म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मधेच सोडू नका. नोकरीचा विमा गेल्यावर मार्केटप्लेससाठी ६० दिवसांची मुभा मिळते. ती संपल्यावर कोब्रा आपणहून सोडलं, तर नवी मुभा मिळत नाही आणि जानेवारीपर्यंत उघड्यावर राहायची वेळ येते.

काही जण सांगतील, कोब्रा निवडायलाही ६० दिवस असतात, मागच्या तारखेपासून लागू होतं, मग गरज पडली तरच घ्या. ठणठणीत माणसासाठी ठीक. तुमच्याकडे स्पेशालिटी फार्मसी इंजेक्शन पाठवण्याआधी विमा चालू आहे का ते तपासते. तिथे "इनॅक्टिव्ह" दिसलं की पार्सल थांबतं, मग प्रायर ऑथरायझेशनची (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीची) पत्रापत्री सुरू होते. म्हणून नोटीस हातात पडली की लगेच फॉर्म भरून पहिला हप्ता द्या.

अविनाश, कँटन

---

माधवीताई, नोकरी पूर्ण सोडायलाच हवी का? आमच्याकडे ०.६ एफटीईला (पूर्णवेळच्या ६० टक्के कामाला) पूर्ण बेनिफिट्स मिळतात, काही ठिकाणी ०.५ लाही. कायद्याने मोठ्या मालकांना आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्यांना विमा देऊ करावा लागतो, त्याखाली द्यायचा की नाही हे ज्याचं तो ठरवतो. म्हणून "पर डिएम" हा शब्द सोडून एचआरला असं विचारा: बेनिफिट्ससाठी किमान एफटीई किती? आणि पात्रता मागच्या वर्षीच्या तासांवर ठरते का? तसं असेल, तर तास कमी केल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत कव्हर टिकू शकतं. मात्र त्यासाठी नोकरीवर असायला हवं. उत्तर ईमेलवरच घ्या. तोंडी आश्वासनावर आमच्या एका मैत्रिणीचे फार हाल झाले.

वैशाली, ॲन आर्बर

---

नमस्कार. मी सीपीए आहे, कराची बाजू लिहिते.

कोब्राला किती पडेल ते घरबसल्या कळतं. तुमच्या डब्ल्यू-२ वर (मालकाकडून मिळणाऱ्या पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवर) बारा नंबरच्या चौकटीत डीडी हा कोड शोधा. त्यापुढचा आकडा म्हणजे मालकाचा वाटा आणि तुमचा वाटा मिळून वर्षाचा खर्च. समजा तो ३३,६०० डॉलर आहे. बारांनी भागून २,८०० आणि वर २ टक्के, म्हणजे महिना २,८५६. दातांचा-डोळ्यांचा विमा त्यात धरलेला असेलच असं नाही, आणि आकडा गेल्या वर्षीचा असतो, तेव्हा थोडा वर धरा. हा आकडा पाहून धक्का बसतो, पण इतके दिवस त्यातला मोठा भाग हॉस्पिटल भरत होतं.

सबसिडीवर (मार्केटप्लेसच्या प्रीमियमसाठीच्या सरकारी मदतीवर) यंदा विसंबू नका. वाढीव सवलत २०२५ अखेर संपली. तिघांच्या कुटुंबाचं उत्पन्न २०२६ साठी १,०६,६०० डॉलरच्या वर गेलं की मदत शून्य, आणि तुमचा सहा महिन्यांचा पगारच त्याच्या आसपास किंवा वर जाईल. पुढच्या वर्षी काम कमी केलंत तर चित्र बदलेल. पण अंदाज कमी सांगून सबसिडी घेतली आणि उत्पन्न वाढलं, तर जास्तीची सगळी रक्कम परत करावी लागते. पूर्वी त्याला काही उत्पन्नगटांत कमाल मर्यादा होती, ती २०२६ पासून गेली.

१०९९ वर (पगारदार नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) काम करताना मार्केटप्लेसचा प्रीमियम फॉर्म ७२०६ भरून उत्पन्नातून वजा करता येतो, धंद्याच्या नफ्याइतकाच. त्याने इन्कम टॅक्स वाचतो, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स नाही. कोब्राचा प्रीमियम यात सहसा बसत नाही, कारण तो प्लॅन जुन्या मालकाचा असतो. आणि ज्या महिन्यात नवऱ्याच्या नोकरीतून विमा मिळू शकत होता, तो घेतला नसला तरी, त्या महिन्याची वजावट जाते. त्यांच्या शिकवण्याच्या नोकरीत पुढे कधी विमा देऊ केला, तर हे लक्षात ठेवा.

पीएलएलसी (डॉक्टरची स्वतःची कंपनी) काढून नवरा-बायकोचा ग्रुप प्लॅन घ्या असं कुणी सुचवेल. मालक आणि जोडीदार एवढेच असतील तर संघीय नियमांत तो ग्रुप धरत नाहीत, बाहेरचा एक तरी कर्मचारी लागतो.

स्मिता, नॉर्थव्हिल

---

मंडळी, मनापासून आभार. पोर्टल पाहिलं, यांचं आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स एप्रिलमध्येच भरलं आहे. म्हणजे डिसेंबरपर्यंत इंजेक्शनला वेगळा खर्च नाही. वैशालीने सांगितलं तसं ०.६ विचारलं. आमच्या विभागात ते देत नाहीत असं लेखी आलंय, तेव्हा कोब्राच. जानेवारीचा प्लॅन निवडताना आणखी काय बघू?

माधवी

---

ताई, दोन गोष्टी. प्रीमियमच्या आधी फॉर्म्युलरी (प्लॅनमधल्या औषधांची यादी) उघडा आणि यांच्या इंजेक्शनचं नाव शोधा. मूळ ब्रँड आहे की फक्त बायोसिमिलर (त्याच्याशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध), ते पाहून र्‍हुमॅटॉलॉजिस्टशी ऑक्टोबरमध्येच बोला, कारण नवं प्रायर ऑथरायझेशन लागेल.

दुसरं, एचएमओ आणि ईपीओमध्ये (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कचे प्लॅन) इमर्जन्सी सोडून नेटवर्कबाहेर काही मिळत नाही. तुम्ही लोकमला दुसऱ्या राज्यात जाल, लेक कॉलेजला कुठे आहे तेही पाहा. सांगलीत असताना हा विमा जवळजवळ निरुपयोगी, त्या महिन्यांसाठी वेगळा प्रवास विमा घ्या. प्रीमियम मात्र तिकडून ऑटोपेवर चालू ठेवा. हप्ता चुकून पॉलिसी बंद झाली तर पुन्हा ओपन एन्रोलमेंटचीच वाट पाहावी लागते.

आणि राजीनामा देण्याआधी मालप्रॅक्टिसची टेल (नोकरी सोडल्यावर येणाऱ्या दाव्यांचं कव्हर) कोण भरणार, ते करारात वाचा.

अविनाश