मदत हवी आहे: घरी बनवलेल्या इक्वलायझरमध्ये गुणगुण येते

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. घराच्या मागच्या खोलीत आसपासच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. पखवाज आणि पेटी एकमेकांवर चढतात, म्हणून पाच बँडचा इक्वलायझर (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं यंत्र) स्वतःच बनवायला घेतला. कॉइल गुंडाळण्याऐवजी जायरेटर, म्हणजे कॉइलसारखं वागणारं सर्किट, वापरलाय. खालच्या बँडला ४७० ओहम, १०० किलोओहम आणि ४७ नॅनोफॅरड, म्हणजे साधारण २.२ हेन्री, त्याला १ मायक्रोफॅरड जोडला की मध्य १०७ हर्ट्झच्या आसपास येतो. पुरवठ्याला १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर, पुढे ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर.

अडचण अशी, की हा खालचा बँड वर केला की गुणगुण सुरू होते. सगळे नॉब मध्यावर असले तर ऐकूही येत नाही. स्पेक्ट्रम बघितला तर १०० हर्ट्झला सरळ काटा उभा, ५० ला फारसं काही नाही. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरपेक्षा रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) ग्राउंडवर माझा संशय आहे. मोठ्या कपॅसिटरची ग्राउंड वायर सध्या इनपुट जॅकवरूनच जाते. सगळी ग्राउंड एका बिंदूवर आणू, की वीजपुरवठाच वेगळ्या डब्यात हलवू?

आणखी एक. टीएल०७२ हा ऑपअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप) काढून एनई५५३२ बसवल्यापासून पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) फिरवताना खरखर येते. या नव्या चिपचा बायस करंट (तिच्या इनपुटमधून वाहणारा बारीक करंट) जास्त, तो पॉटमधून जात असावा. पॉट १० किलोओहमचे आहेत. तो अडवायला किती मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा?

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे कुणी असं बनवलं असेल तर आतल्या वायरिंगचा फोटो जरूर टाका. एकादशीनंतर एक मंडळ रेकॉर्डिंगला येतंय, त्यांचा पखवाज नीट ऐकू यावा एवढीच इच्छा आहे.