फुल सीट की नी-पॅच? मांड स्वाराची की विजारीची?

नालबंद (धागाकर्ता)

आमच्या घोडेस्वारीच्या तुकडीत सातजण आहोत. त्यातले सहाजण आता फुल सीट ब्रीचेस (सवारीची घट्ट विजार) घालून येतात. सातवा मी, नी-पॅचवाला.

फरक ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: नी-पॅचमध्ये पकड देणारा तुकडा फक्त गुडघ्याच्या आतल्या बाजूला असतो. फुल सीटमध्ये तो बुडापासून निघतो आणि मांड्यांच्या आतून थेट गुडघ्यापर्यंत येतो. पूर्वी हा तुकडा चामड्याचा असे, मग कृत्रिम स्वेड (लव असलेल्या मऊ चामड्यासारखं कापड) आलं आणि आता सिलिकॉनची नक्षी छापतात.

माझं म्हणणं सरळ आहे. खोगिराला चिकटणारी विजार घालून मांड पक्की होत नाही, ती पक्की झाल्यासारखी वाटते आणि आळशी होते. सगळ्या शिकाऊंनी आधी साधी विजार घालावी. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीची ब्रीचेस वाळली नव्हती, म्हणून ती साधी ट्रॅक पँट घालून आली. वर्षभर जिची बैठक बघून आम्ही मान डोलवायचो, ती दुडकीच्या दुसऱ्या फेरीत तव्यावरच्या लाहीसारखी उडत होती. मग वर्षभर घोड्यावर बसलं कोण? ती की तिची विजार?

मतं येऊ द्या. फुल सीटवाल्यांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल.

लांबरिकीब

रागावले नाही, पण तुमची परीक्षाच चुकीची आहे. ट्रॅक पँट खोगिरावर घसरते. गुळगुळीत कापड आणि गुळगुळीत चामडं एकावर एक ठेवलं तर तुम्हीही घसराल. त्यावरून तिची मांड कच्ची ठरत नाही, ट्रॅक पँट सवारीसाठी नाही एवढंच कळतं.

मी ड्रेसाज करते, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची सवारी. आमच्या रिकिबी लांब, पाय जवळजवळ सरळ खाली, आणि दुडकीत बरेचदा उठबस न करता बसून राहायचं असतं. घोड्याची पाठ प्रत्येक पावलाला वर फेकते तेव्हा धक्का कंबरेने शोषावा लागतो. बूड खोगिरावर सरकत राहिलं तर कंबर मोकळी राहत नाही. स्वार मग काय करतो? गुडघे आवळतो. गुडघे आवळले की पोटरी मागे जाते, टाच वर येते, शरीर पुढे कलतं आणि तोल सावरायला हात लगामाला लटकतात. शिक्षा कोणाला? घोड्याच्या तोंडाला आणि पाठीला.

पकड असलेल्या कापडाने मला आवळायची गरजच उरत नाही. तुम्ही म्हणता ती आळशी होते, मी म्हणते ती सैल होते. या दोन्हींत फरक आहे. आणि तुमच्या नी-पॅचमध्ये चिकटपणा नेमका कुठे आहे? गुडघ्यावर. म्हणजे जिथे आवळू नये असं शिकवणारे ओरडून सांगतात, तिथेच.

अजून एक. तुमच्या खोगिराला गुडघ्यापुढे उशी आहे ना? स्वतःच्या मांडीचा इतका अभिमान असेल तर आधी ती उशी काढून टाका.

नालबंद

उशीचा टोला लागला. मान्य. पण तुम्ही ड्रेसाजच्या खोगिरावरून बोलताय. मी सध्या छोटे अडथळे उडवतोय. तिथे रिकिबी आखूड, बूड खोगिरापासून उचललेलं, आणि घोडा उडी घेताना कंबर मागे सरकू द्यावी लागते. ती सरकायला हवी त्या क्षणी विजार म्हणते, थांब. एकदा उसनी फुल सीट घालून पाहिली होती. प्रत्येक उडीला मी अर्धा क्षण मागे पडलो.

नी-पॅच गुडघ्यावर असण्याचं कारणही हेच. अर्ध्या बैठकीत आमचा खोगिराशी संबंध गुडघा आणि पोटरीपुरताच असतो. बुडाखाली पकड घेऊन काय करू? हवेत चिकटू?

चौखूर

दोघंही "फुल सीट" असं म्हणताय जणू ती एकच वस्तू आहे.

चामड्याची फुल सीट सुरुवातीला कडक असते. धुऊन वाळली की पापडासारखी होते, ओलसर असताना हाताने चोळावी लागते. पकड मात्र सौम्य असते, हवं तेव्हा हलता येतं. स्वेड मऊ, पण खोगिरही स्वेडचं असेल तर दोन्ही मिळून तुम्हाला जागेवर खिळवतात. सिलिकॉन कोरडं असताना सगळ्यात चिवट. त्यातही सुटे ठिपके असलेलं आणि सलग पट्टा असलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून विजार एकटी बघू नका. गुळगुळीत जुन्या खोगिरावर सिलिकॉन बरोबर बसतं, तेच सिलिकॉन नव्या चिकट चामड्यावर नको होतं. नालबंद ज्या उसन्या विजारीला दोष देताय, ती कोणत्या खोगिरावर घातली होती ते सांगितलंच नाही.

(अवांतर: कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव यांत कधीही घालू नका. त्याचा थर सिलिकॉनवर बसतो आणि पकड जाते. उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि नक्षीवर इस्त्री फिरवू नका. एकाने फिरवली होती. आता त्याच्याकडे एक विजार आहे आणि एक चिकट इस्त्री.)

टापटीप

चिकट इस्त्री +१. आमच्या घरीही आहे.

जुनी_तुमान

पकडीला "आजकालचं खूळ" समजू नका. घोडदळाच्या विजारींना बुडाशी आणि मांड्यांच्या आत चामड्याची जोड असायची. कापड झिजू नये हे एक कारण आणि घसरू नये हे दुसरं. तेव्हा फुल सीटचं बारसं झालं नव्हतं इतकंच.

खरा बदल कापडात झाला. जुन्या छायाचित्रांत मांडीपाशी पंखासारख्या फुगलेल्या ब्रीचेस दिसतात ना, ती ऐट नव्हती. कापड ताणत नसे, आणि ताणत नसलेल्या कापडात पाय फाकवून बसायचं आणि वर टांगही मारायची तर जागा ठेवावीच लागे. १९५८ साली स्पॅन्डेक्सचा शोध लागला, पुढे ताणणारं कापड सवारीच्या कपड्यांत आलं आणि फुगे गळून पडले.

आणि सगळे ब्रीचेसवरच का अडलात? जोधपुरी राहिली. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला गेले तेव्हा पोलोचा संघ बरोबर होता. वर सैल आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चुडीदारासारखी घट्ट अशी ती विजार पुढे तिकडेही रुळली आणि गावाचंच नाव विजारीला मिळालं. पोटरीवर ती इतकी चपखल बसते की उंच बुटांचं ओझं लागत नाही. ब्रीचेस पोटरीच्या मध्यावर संपते, म्हणून तिला उंच बूट हवेतच.

लांबरिकीब

इतिहास छान. पण जुनी_तुमान, तुमचा दाखला माझ्याच बाजूने पडतो. दिवसचे दिवस खोगिरावर काढणाऱ्यांनी बुडाखाली चामडं लावून घेतलं. त्यांना कोणी कच्च्या मांडीचे म्हणेल का?

नालबंद

त्यांनी आधी मांड कमावली, मग चामडं लावलं. आपल्याकडे शिकाऊ पहिल्याच आठवड्यात सिलिकॉन घालून येतो. वरातीमागून घोडं नव्हे, घोड्याआधीच वरात.

बाळघोडा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या बाजूने लिहितो. जोधपुरी, आखूड बूट आणि वर हाफ चॅप्स (पोटरीभोवती बांधायचं आवरण) हीच जोडी सोयीची. मुलं सहा महिन्यांत उंच होतात, उंच बूट दर वेळी कुठून आणायचे? हाफ चॅप्स मात्र सोडू नका. नुसत्या जोधपुरीवर रिकिबीचा पट्टा पोटरीला चिमटे काढतो आणि पोर सवारीलाच कंटाळतं. विजार वर चढू नये म्हणून पायाखालून जाणारं इलॅस्टिक असलेली घ्या.

फुल सीट की नी-पॅच या वादात तिच्या गुरूंनी वेगळंच काढलं. लांब दोरीवर घोडा गोल फिरवायचा आणि रिकिबी काढून घ्यायच्या. ते म्हणाले, महिनाभर हे करू दे, मग ती कोणत्याही विजारीत बसेल. तिने तक्रार केली, मग हसायला लागली.

उशिराचीस्वार

मी बावन्नाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली. नालबंद, तुमचं लेखन वाचून थोडं लागलं म्हणून लिहिते.

तरुणपणी पडणं आणि या वयात पडणं सारखं नसतं. पहिले चार महिने मी नी-पॅच घातली. घोड्याने कान टवकारला की माझं अंग लाकूड व्हायचं. श्वास रोखायचा, गुडघे चिकटायचे, आणि तो रोखलेला श्वास घोड्याला कळायचा. तोही आखडायचा. मग एका मैत्रिणीने तिची जुनी स्वेडची फुल सीट दिली. त्या दिवशी पहिल्यांदा मी दुडकीत श्वास सोडला. तुमच्या दृष्टीने ती मांड विजारीची असेल. पण भीतीने गोठलेल्या माणसाला तुम्ही तोल शिकवणार कसा?

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. एकदा घोडा बुजून बाजूला सरकला. मी पडले नाही, पण उजवीकडे कलले, आणि विजारीने मला तशीच कललेली धरून ठेवलं. साध्या विजारीत बूड हलवून मध्यावर आले असते. इथे रिकिबींवर उभं राहून स्वतःला सोडवावं लागलं. अर्धी फेरी मी वाकडी बसून काढली आणि घोडा बिचारा वाकडा चालला. तेव्हापासून अडथळ्यांच्या दिवशी नी-पॅच आणि बाकी दिवशी स्वेड.

नालबंद

उशिराचीस्वार ताई, लागलं असेल तर माफ करा. "आळशी" हा शब्द मी घोड्यावर लहानपणापासून बसलेल्यांसाठी वापरत होतो, हे लिहायचं राहिलं. भीतीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

पण तुमची ती वाकडी अर्धी फेरी, मला म्हणायचं होतं ते हेच. चांगल्या जागी धरून ठेवणारी वस्तू वाईट जागीही धरून ठेवते.

शिवणकाम

तुम्ही सगळे पकडीवर भांडताय आणि निम्म्या लोकांना त्रास होतो तो शिवणीचा. जीन्स घालून तासभर बसून बघा. आतली जाड शिवण नेमकी खोगीर आणि मांडी यांच्यामध्ये येते, दुसऱ्या दिवशी कातडं सांगतं. पकड असो वा नसो, आतून हात फिरवा. शिवण बोटाला टोचली तर मांडीलाही टोचणार.

मापाचं म्हणाल तर उभ्याने बसलेली ब्रीचेस फसवते. खोगीर मिळालं तर खोगिरावर, नाहीतर उकिडवं बसून बघा. नी-पॅच उभ्याने बरोबर वाटतो, पण रिकीब आखूड केली की गुडघा वर आणि पुढे जातो आणि पॅच मांडीवर बसतो. मग नालबंद म्हणणार, नी-पॅचच बरा, आणि त्यांचा गुडघा मात्र कापडावर!

पोटरीपाशी जाड पट्टीची चिकटबंदी (व्हेल्क्रो) आली तर बुटाच्या आत वळ उठतात. तिथे मोज्यासारखं पातळ ताणणारं कापड बरं.

स्पर्धेसाठी पांढरी घेणार असाल तर आत पांढरं घालू नका. त्वचेच्या रंगाचं घाला, ते दिसत नाही. आणि गडद रंगाचं नवं खोगीर फिकट विजारीला रंग लावतं, म्हणून सरावाला गडद विजार.

घामटवीर

टाइट्सबद्दल कोणीच बोललं नाही. ना चेन ना बटण, ओढून घालायची, मांडीवर मोबाइलचा खिसा, उन्हाळ्यात हलकी. सिलिकॉनची पकडही मिळते. ब्रीचेसचे दिवस भरले.

लांबरिकीब

उन्हाळ्याच्या सरावाला मीही घालते. पण कापड पातळ असतं, त्यामुळे खोगिराची प्रत्येक घडी जाणवते. आणि रोज वापरली की पकडीच्या कडेला कापड आधी सैल पडतं. रोजच्या दोन तासांच्या कामाला ब्रीचेसच. आणि त्या खिशातला मोबाइल पडलात तर तुमच्याखाली येतो, हेही लक्षात असू द्या.

नालबंद

कळवतो. चौखूर यांच्या टोमण्यामुळे तीच उसनी फुल सीट पुन्हा मागून आणली. ती सलग पट्ट्याची सिलिकॉन निघाली, आणि त्या दिवशीचं खोगीर नवं, चिकट होतं. या वेळी जुन्या गुळगुळीत खोगिरावर घातली. बसून दुडकी केली आणि लांबरिकीब ताई, कंबर खरंच सुटली. तेवढं कबूल. नंतर चार अडथळे घेतले. पहिल्या वेळेइतका मागे पडलो नाही, पण उठबस करताना प्रत्येक वेळी कोणीतरी मागून सदरा धरल्यासारखं वाटत होतं. मी नी-पॅचवरच राहणार.

शिकाऊंनी आधी साधी विजार घालावी हे मत कायम आहे. फक्त "सगळ्या शिकाऊंनी" यातला "सगळ्या" मागे घेतो.

लांबरिकीब

बाळघोडा यांच्या मुलीसारख्या रिकिबी काढून पाहिल्यात का?

नालबंद

नाही.

लांबरिकीब

उशी?

नालबंद

ती खोगिराला शिवलेली आहे हो, ताई.