मदत हवी आहे: अंदमानला पक्षी आणि किनाऱ्यांचे फोटो काढायचेत, लेन्स कुठली नेऊ आणि उत्तरेकडे जाऊ का?

तिरकं_क्षितिज

मंडळी नमस्कार. फेब्रुवारीत आठवडाभर अंदमान ठरलंय, विमानाची तिकिटं काढून झालीत त्यामुळे आता माघार नाही. बरोबर आई-बाबा. बाबांना सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय ते दुसरं काहीही बघणार नाहीयेत, आणि आईचं म्हणणं एवढंच की समुद्र स्वच्छ हवा आणि रात्री वरणभात मिळायला हवा. मला मात्र पक्षी हवेत. तिथला काळा सुतारपक्षी, अंदमानचा सर्पगरुड, ते अंदमान टील बदक, आणि जमलं तर असे किनारे की ज्यांच्या फोटोत मागे बनाना राइड दिसत नाही.

कॅमेरा निकॉन डी ७५००, लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली, किटची १८-१४० मिमी. लांबची भाड्याने घेणार. पेठेतल्या एका दुकानात चौकशी केली, त्यांच्याकडे निकॉनची २००-५०० आहे आणि सिग्माची १५०-६०० पण आहे, तो म्हणतो दोन्ही चांगल्या, म्हणजे काहीच सांगितलं नाही त्याने. केबिन बॅग ७ किलोची, त्यात बाबांची औषधं पण माझ्याच बॅगेत येणार हे उघड आहे. ट्रायपॉड न्यावा का? मित्र ड्रोन द्यायला तयार आहे, नेऊ का? आणि मुख्य म्हणजे सगळे म्हणतात खरं अंदमान पार उत्तरेला, दिगलीपूरला, पोर्ट ब्लेअरला नुसती गर्दी, तर एवढ्या दिवसांत आई-बाबांना घेऊन तिकडे जाणं झेपेल का? नारकोंडम बेटावरच्या धनेशाचं काही जमतं का तेही सांगा, लहानपणापासून त्या पक्ष्याचं वेड आहे.

हॅवलॉकची हनिमून पॅकेजं कृपया पाठवू नका, ट्रॅव्हलवाला रोज पाठवतोय.

सदाशिवपेठी

पक्षी बघायला जाताय की आई-वडिलांना फिरवायला? एक काय ते ठरवा, मग लेन्सचं बघू.

रानवाट

सदाशिवपेठींकडे दुर्लक्ष करा, दोन्ही होतं. फक्त लेन्सच्या आधी घड्याळाचं बघा. पुणे आणि पोर्ट ब्लेअर (कागदोपत्री आता श्री विजयपुरम, टॅक्सीवाले अजून जुनंच म्हणतात) यांच्या रेखांशात जवळपास एकोणीस अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सव्वा तास, पण घड्याळ तेच. फेब्रुवारीत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बुडालेला असतो. आपण पुण्याच्या सवयीने साडेसातला नाश्ता, साडेआठला टॅक्सी करतो तेव्हा तिथे ऊन पांढरं पडलेलं असतं आणि सुतार-बितार सगळे सावलीत गेलेले असतात. पण यात तुमचा फायदा आहे! पाचला उठा, आई-बाबांना झोपू द्या, चिडिया टापू २५ किलोमीटरवर आहे, टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नऊपर्यंत परत या, त्यांचा चहा-नाश्ता नुकता झालेला असेल, मग दिवसभर जेल, म्युझियम, जे काय ते. कोणाची तक्रार नाही.

आणि पोर्ट ब्लेअरला नुसती गर्दी हे ज्यांनी सांगितलं ते सिप्पीघाटला गेलेले नाहीत. २००४ च्या भूकंपात त्या बाजूची जमीन साधारण मीटरभर खचली, भातशेतीत खारं पाणी घुसलं आणि बऱ्याच ठिकाणी ते परत गेलंच नाही. आता तिथे पाणथळ आहे, मधे मेलेल्या झाडांचे नुसते खुंट उभे आणि त्यांच्यावर बगळे, खंड्या, नशीब असेल तर टील. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा त्या खुंटांचं प्रतिबिंब पडतं, लॅंडस्केप म्हणताय ना, ते तिथेच आहे, रस्त्याच्या कडेला. उत्तर अंदमानात बरोब्बर उलटं झालं, जमीन वर उचलली गेली आणि किनाऱ्याचे प्रवाळ उघडे पडून मेले. एकाच भूकंपाची दोन टोकं आहेत ही.

शटरपटर

लेन्सबद्दल. २००-५०० चं वजन २३०० ग्रॅम, सिग्मा १५०-६०० म्हणजे कंटेम्पररी असेल तर १९३० ग्रॅम. तुमचा कॅमेरा धरून तीन किलो गळ्यात. क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असल्यामुळे ५०० ची ७५० सारखी दिसते हे खरं, पण अंदमानचं जंगल म्हणजे भिगवणचं उघडं पाणी नाही. दाट, दमट, आत अंधार. तिथे ६०० ला एफ ६.३ वर फोकस इकडेतिकडे धावत बसतो आणि शटर १/१०० च्या वर जाईना झाला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० करूनही हललेलेच फोटो येतात. माझं विचाराल तर निकॉनची ३०० एफ ४ पीएफ शोधा. ७५५ ग्रॅम, हो, तीन आकडी! एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त, त्यामुळे एफ ५.६ च्या दुप्पट उजेड आत येतो, हातात धरून दिवसभर हिंडता येतं, आणि जंगलात पक्षी तसेही जवळच असतात, फक्त दिसत नाहीत. लांबचं हवंच असेल तर १.४ चा कन्व्हर्टर लावा, ४२० एफ ५.६ झाली.

ट्रायपॉड चेक-इन बॅगेत टाका, किनाऱ्यावर पहाटेला लागेल. स्पेअर बॅटऱ्या आणि पॉवरबँक मात्र केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

घाटवाट

३०० ने पाण्यावरचं काय काढणार? समुद्री गरुड बोटीपासून शंभर मीटरवर बसलेला असतो, ठिपका येईल नुसता. माझं मत २००-५००. त्यात स्पोर्ट मोडचं व्हीआर (हात हलला तरी सावरून घेणारी सोय) आहे, बोटीत ते लावायचं, शटर १/१६०० च्या खाली येऊ द्यायचं नाही आणि कोपर बोटीच्या काठावर टेकवायचं नाही, इंजिनाची थरथर सगळी लेन्समध्ये येते. आणि भाड्याने आणलीत तर थेट अंदमानात बॅगेतून काढू नका हो, आधी भिगवणला एक रविवार बोटीत बसून तिच्याशी ओळख करून घ्या. दुसऱ्या रविवारी सिंहगड व्हॅली, भल्या सकाळी, त्या झाडीतल्या अंधारात जो नर्तक पक्षी नीट काढू शकतो त्याला चिडिया टापू अवघड नाही.

शटरपटर

सिंहगड व्हॅलीत २००-५०० घेऊन नर्तक काढून दाखवा आणि मग इथे टाका फोटो.

घाटवाट

टाकलेत. शोधा.

मालवणी_खेकडा

तुमचे लेन्सचे वाद चालू द्या. दिगलीपूरला जायचं म्हणताय तर बहुतेक रॉस आणि स्मिथसाठीच, दोन बेटं आणि मधे वाळूचा पट्टा. तो पट्टा भरतीला पाण्याखाली जातो. भरपूर लोक ऐन भरतीला पोचतात आणि गुडघाभर पाण्यात सेल्फी काढून येतात. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज ओहोटी सकाळी सातला असेल तर आठवड्याने ती दुपारी. तेव्हा तारीख ठरवायच्या आधी तक्ता बघायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप मागे हटतं, पट्टा लांबरुंद दिसतो. अष्टमीच्या बाजूला भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा पाणी धड मागेही जात नाही. आमच्याकडे मासे धरायला जाणाऱ्याला हे पंचांग बघून कळतं, फोटोवाल्यांना ॲप लागतं, असो. बोट एरियल बे जेट्टीवरून सुटते, वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

एक गोष्ट मात्र पट्ट्यापेक्षा भारी आहे, कालीपूरचा किनारा. थंडीच्या महिन्यांत तिथे कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याचे लोक असतात. रात्री फ्लॅश, टॉर्च, मोबाईलचा दिवा काहीही नाही. मादी बिचकली की अंडी न घालता समुद्रात परत जाते. कॅमेरा खोलीवर ठेवून जा असं मी सांगेन.

कोथरूडकर_काका

काही गोष्टी आधीच सांगतो म्हणजे तिथे जाऊन मनस्ताप नको.

ड्रोन घरी ठेवा. संरक्षण खात्याचा मुलूख आहे, विमानतळाची धावपट्टीसुद्धा नौदल वापरतं, परवानगीशिवाय उडवलात तर ड्रोन जाईल आणि मित्रही जाईल.

नारकोंडम विसरा. बेट सात चौरस किलोमीटरसुद्धा नाही, जगातले झाडून सगळे नारकोंडम धनेश तेवढ्यावरच राहतात, पोलीस चौकी सोडली तर वस्ती नाही. पर्यटकाला तिथे उतरता येत नाही आणि ते योग्यच आहे. बॅरन बेटाचंही तसंच, ज्वालामुखी लांबून, बोटीतूनच.

तिसरं महत्त्वाचं. उत्तरेकडे रस्त्याने जाताना जिरकाटांगच्या पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. गाड्या ताफ्याने सोडतात, मधे थांबायचं नाही, काचा खाली नाहीत, फोटो-व्हिडिओ अजिबात नाही, तुरुंगवासाची तरतूद आहे कायद्यात. कॅमेरा गळ्यात लटकवून नव्हे, बॅगेत, आणि बॅग डिकीत. ड्रायव्हर कानात काहीतरी सुचवायला लागला तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. माणसं बघायला जायचं ठिकाण नाही ते.

आणि झेपण्याचं म्हणाल तर दिगलीपूर तीनशे किलोमीटर आहे पण तीनशे किलोमीटर म्हणजे कोल्हापूर नव्हे, ताफा, फेरी, रस्ता सगळं धरून पहाटे निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो. जाऊन-येऊन दोन दिवस गेले. आई-वडिलांचं वय काय?

तिरकं_क्षितिज

एवढ्या पटकन एवढं सगळं, खरंच आभार सगळ्यांचे. काका, बाबा ७१, आई ६६, आईचे गुडघे कुरकुर करतात. म्हणजे दिगलीपूर या वेळी नाहीच असं दिसतंय. जरा वाईट वाटलं पण सव्वा तासाचा हिशोब वाचून सगळा प्लॅनच डोक्यात बदलला, आणि बाबांना दुपारची झोप लागतेच, म्हणजे मला संध्याकाळचे तीन ते साडेपाच पण मिळतील.

मधला मार्ग विचारतो, बाराटांग बेटापर्यंत जाऊन यावं का? पॅरट आयलंडचे फोटो बघितलेत.

रानवाट

बाराटांग करा, पण मुक्कामाने. पॅरट आयलंडला पोपट दिवस मावळताना येतात आणि परतीचा शेवटचा ताफा दुपारीच सुटतो, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना चुन्याच्या गुहा दिसतात, पोपट नाही. राहायची सोय साधी आहे, आईंना आधी सांगून ठेवा. संध्याकाळी बोटीने खारफुटीतून जायचं आणि बेटाजवळ इंजिन बंद करून बसायचं. आधी दोनचार येतात, वाटतं एवढेच. मग थव्यांवर थवे, आणि उजेड तर संपत आलेला. इथे पोपटाच्या डोळ्यावर फोकस वगैरे नाद सोडा, किट लेन्स लावा, आकाश आणि थवे घ्या, काळ्या आकृत्या आल्या तरी सुंदर दिसतात.

पाऊलखुणा

मी थोडं वेगळं सांगू का? सगळे लांबच्या लेन्सबद्दल बोलताय म्हणून. अंदमानात एक दिवसा फिरणारी पाल आहे, अंदमान डे गेको. पाल म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका, पोपटी हिरवी, पाठीवर लालभडक ठिपके-रेघा, डोळ्याभोवती निळसर झाक. हिचे जवळचे भाऊबंद थेट मादागास्कर, मॉरिशसकडे, मधे एवढा भारत पडलाय, तिथे मुख्य भूमीवर कुठेच नाहीत. आणि ती जंगलात शोधावी लागत नाही, केळीच्या पानावर, नारळाच्या खोडावर, कधी लॉजच्या भिंतीवर सुद्धा बसलेली असते. आमच्या लॉजच्या व्हरांड्यात सासूबाई चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांनीच मला हाक मारली, अगं ही बघ प्लॅस्टिकची पाल हलतेय! केळफुलातला मध चाटत होती, जीभ बाहेर काढून, मी १८-१४० सारख्याच साध्या लेन्सने काढले फोटो, तीन-चार फुटांवरून. हळू पुढे जायचं, सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, सावली पडली की खोडाच्या पलीकडे. मग तुम्ही इकडून गेलात की ती तिकडून, हा खेळ बराच वेळ चालतो.

आईंना व्हरांड्यात बसवा, गुडघ्यांना आराम आणि तुम्हाला स्पॉटर.

सदाशिवपेठी

हे बरं आहे. अंदमानला जाऊन पाल.

पाऊलखुणा

@सदाशिवपेठी, तुमच्या स्वयंपाकघरातली नव्हे हो.

शटरपटर

दमटपणाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, भाड्याची लेन्स आहे, बुरशी धरली तर डिपॉझिट गेलं. एसी खोलीतून थेट बाहेर काढली की काच धुरकटते आणि सूर्योदयाची पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात. रात्री बॅग बंद करून एसीपासून लांब ठेवा, बाथरूमजवळच्या कोपऱ्यात नको, आणि निघायच्या अर्धा तास आधी बंद बॅगच बाहेर व्हरांड्यात ठेवा, गरम झाली की मग उघडा. बोटीवरून आल्यावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात, आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. सिलिका जेलच्या पुड्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे ढिगाने मिळतात, भरपूर टाका.

तिरकं_क्षितिज

नोंद केली सगळी. तर आता असं ठरतंय: पोर्ट ब्लेअरलाच मुख्य मुक्काम, सकाळी चिडिया टापू आणि सिप्पीघाट आलटून पालटून, बाराटांगला एक रात्र, आणि आईसाठी नील बेटाला जाऊन येऊ. ड्रोन मित्राला परत. बाबांना ताफ्याचं आणि जारवांचं सांगितलं तर म्हणाले बरोबर आहे, आपल्या घरात कोणी काचेतून डोकावलं तर चालेल का आपल्याला.

लेन्सचं मात्र अडलंय. शटरपटर, तुमचं वाचून ३०० पीएफ डोक्यात बसली पण दुकानात ती नाही, दुसरीकडे आहे तिथे फेब्रुवारीचं बुकिंग झालंय. घाटवाट, नाही मिळाली तर तुमची २००-५०० च. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कोणाकडे पीएफ असेल आणि आठवड्यासाठी भाड्याने द्यायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डिपॉझिट, आधारची कॉपी, काय म्हणाल ते देतो. भिगवणला येत्या रविवारी कोणी जाताय का तेही सांगा, गाडीत दोन जागा आहेत, पहाटे पाचला निघू, सोलापूर रोडला नाश्ता माझ्याकडून.

घाटवाट

भिगवणला मी येतो. नाश्त्याला मिसळ असेल तरच.

शटरपटर

व्यनि केलाय. माझी आहे, देतो, पण त्या रविवारी मीही येणार, ती कशी धरता ते बघितल्याशिवाय हातात देणार नाही.

सदाशिवपेठी

गाडीत जागा दोनच होत्या ना? भरल्या. सांगितलं असतं लवकर तर आलो असतो.