पेटीवर मावणारं १० इंची नेटबुक उठत नाही, चवथीपूर्वी काही होईल का?

पेटीवाला_सावई

नमस्कार. मी सावई-वेऱ्याचा. नोकरी फोंड्याला, संध्याकाळी वाड्यावरच्या भजनी मंडळात पेटी. कॉम्प्युटरातलं ज्ञान बेताचं, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००९ साली घेतलेलं १० इंची नेटबुक आहे. इंटेल ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. गेली कित्येक वर्षं त्याचं काम एकच, पेटीच्या फळीवर बसून मला पदं दाखवायची. तुकोबांपासून सोहिरोबानाथांपर्यंत साडेचारशे पदं आहेत, मी आणि थोरल्या भावाने रात्री जागून शिवाजी फॉन्टात टाइप केलेली. शिवाय तानपुऱ्याच्या काही फायली.

वैशाखात शेवटचं वापरलं, नीट पुसून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. आता आषाढात काढलं तर बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळाकुट्ट. चार-पाचदा बंद-चालू केल्यावर एकदाच उठलं. घड्याळात १ जानेवारी २००८. नेट लावलं तर प्रत्येक साईट म्हणते कनेक्शन सुरक्षित नाही. आतून टिक टिक आवाज. मग परत काळोख.

दुकानात नेलं. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, भंगारात घाला आणि नवीन १५ इंची घ्या. १५ इंची पेटीवर ठेवलं तर मी वाजवू कुठे?

तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. रॅम वाढवू? एसएसडी घालू? की दुकानदाराचंच खरं?

---

मडगावकार७७

टॅब्लेट घ्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे सगळे तेच वापरतात.

---

पेटीवाला_सावई

टॅब्लेट घरात आहे, भाच्याचा. घामेजल्या बोटाला तो दाद देत नाही, एकदम तीन पानं पुढे जातो. आणि गेल्या श्रावणात गजर रंगात आलेला असताना त्यावर व्हिडिओ कॉल आला. समोर बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. नेटबुकाला स्पेसची कळ आहे, भात्यावरचा हात क्षणभर उचलून दाबली की पुढचं पान.

---

म्हापसा_सोल्डर

बाब, पहिलं म्हणजे ते बटण दाबायचं बंद करा. टिक टिक आवाज हार्ड डिस्कचा आहे. ती आजारी आहे आणि दर वेळी उठवताना तिचे हाल करताय. साडेचारशे पदं दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलीत? ठेवली नसतील असं धरूनच लिहितो.

खालचं झाकण उघडा. डिस्कचं झाकण वेगळं असेल तर नशीब. काही मॉडेलांत आधी कीबोर्ड उचलावा लागतो, तिथे घाई केली तर त्याची चपटी रिबन फाटते. डिस्क बहुतेक २.५ इंची, साटा जोडणीची असेल. यूएसबीचा केस घेऊन तिच्यात घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. अख्खी डिस्क कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, आधी पदांचं फोल्डर, मग तानपुरा. आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातली शिवाजीची फाईल. ती विसरलात तर पुढे रडाल. शिवाजी हा युनिकोड फॉन्ट नव्हे. फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी सोंग चढवतो. फॉन्ट नसेल तर अभंगाच्या जागी एबीसीडीची भेळ दिसेल.

आता काळा पडदा. माझ्या टेबलावर जुलै-ऑगस्टात अशी यंत्रं रांगेने येतात आणि त्यांतली बरीच मेलेली नसतात. आपली हवा तुम्हाला ठाऊक आहे, चपलेला बुरशी येते तिथे रॅमच्या दातांची काय कथा? प्लास्टिकच्या पिशवीत घातलंत हे तर आणखी वाईट. आतली ओल आतच राहिली.

चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढा, पट्टी तिरकी वर येते. सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा निळा-लाल नको, तो खरखरीत असतो, मुलामाच उतरवेल. रबराचा कीस झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. खाचेत मऊ कोरडा ब्रश. पट्टी तिरकी आत सारून खाली दाबा, दोन्हीकडून टक् आवाज यायला हवा. हे सगळं करण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या, अंगातली स्थिर वीज निघून जाते.

तरी काळंच असेल तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बोर्ड ठीक आहे, पडद्यामागचा उजेड गेलाय. निळ्या व्हीजीए पोर्टाला बाहेरचा मॉनिटर लावूनही कळतं. तिथेही काही नसेल तर दुसरी रॅम घालून बघा. त्यानंतरच बोर्डाला दोष द्यायचा.

घड्याळ मागे जातं कारण आतला नाण्याएवढा सेल संपला. बहुतेक सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. कुठे नुसता खोबणीत बसवलेला, कुठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून वायर लावलेला. वायरवाला असेल तर तसाच आणा, सेलला घरी डाग देत बसू नका. साईट उघडत नाहीत त्याचं एक मूळही इथेच. प्रत्येक साईटच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत अशी तारीख असते, आणि तुमचं यंत्र समजतंय की आपण २००८ सालात आहोत. त्याच्या हिशेबी ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. पण तारीख सुधारली म्हणून एक्सपी नेटला लावू नका. मायक्रोसॉफ्टने तिचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला सोडला.

यंत्र उठलं तर मग वाढवण्याचं बोलू. त्याला डीडीआर२ रॅम लागते, २०० पिनांची. डीडीआर३ ची २०४ पिनांची, खाचच वेगळ्या जागी, बळजबरी करू नका. एन२७० च्या जोडीचा चिपसेट २ जीबीच्या वर ओळखत नाही, म्हणून कोणी ४ ची पट्टी विकायला लागला तर नमस्कार करून निघा. जुनी घेतलीत तर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चालू ठेवून सकाळी बघा.

एसएसडी मात्र डोळे मिटून घ्या, १२० जीबीची स्वस्तातली. या बोर्डाचा साटा १.५ गिगाबिटचा, महागडी घेऊन तिला इथे धावायला रस्ताच नाही. आणि तुमच्या बाबतीत वेगाचा प्रश्न दुय्यम आहे, एसएसडीत फिरणारं काही नसतं हे महत्त्वाचं. फिरती तबकडी असलेली डिस्क तुम्ही पेटीवर ठेवलीत, बाजूला पखवाज. इतकी वर्षं टिकली हेच आश्चर्य.

एसएसडीवर परत एक्सपी घालू नका, तिला ट्रिम, म्हणजे खोडलेल्या फायलींची जागा एसएसडीला कळवायची सोय, ठाऊक नाही. लिनक्स घाला, ३२ बिटवालं, एन२७० ला ६४ बिट येत नाही. डेबियन नावाच्या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीचा ३२ बिट इन्स्टॉलर मिळतो, १३ पासून तो बंद झाला. उबुंटूने तर कधीच सोडलं. मी अशा यंत्रांवर अँटीएक्स नावाचं लिनक्स घालतो, हलकं आहे. रूप साधं आहे, त्याला इलाज नाही.

---

विंगेतली_बाई

मी साखळीची. जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करते आणि माझ्याही मांडीवर असंच एक १० इंची असतं. विंगेत उजेड सांडत नाही, उजेड सर्वात कमी केला की पहिल्या रांगेतल्यांनाही दिसत नाही.

म्हापसेकरांचं जवळजवळ सगळं पटलं, रॅमचं नाही. नुसती पदं वाचायला २ जीबी कशाला? अँटीएक्सवर माझं १ जीबीत चालतंय, दोन अंकी नाटकाची संहिता उघडी असते. दादा, तुमची रॅम साफ करून चालली तर ते पैसे बॅटरीत घाला. भजनात मध्येच वीज गेली तर रॅम काय करणार? मात्र बॅटरीतले सेल घरी बदलायला जाऊ नका, आणि फुगलेली असेल तर लगेच बाहेर काढून ठेवा.

दुसरं, चार्जर. तुमचा मूळचाच आहे ना? काही १० इंची मॉडेलं १२ व्होल्टवर चालतात, असूसच्या ई पीसी १००० मालिकेसारखी, बरीचशी १९ व्होल्टवर. शेजाऱ्याचा १९ वाला घातलात तर काय होईल ते मी सांगायला नको. यंत्राच्या पोटावरचा आकडा आणि चार्जरवरचा आकडा जुळवून बघा.

आणि सर्वात महत्त्वाचं. लिनक्सात फॉन्ट उतरवून वर्डच्या फायली उघडता येतात, पण ओळी हलतात, पदाचं शेवटचं कडवं पुढच्या पानावर जातं. त्यापेक्षा ज्या कॉम्प्युटरवर शिवाजी फॉन्ट आणि वर्ड दोन्ही आहेत तिथे बसून सगळ्यांच्या पीडीएफ करा, फॉन्ट आतच बंद होतो, मग कुठेही उघडा. करतानाच पानाचा आकार आडवा ठेवा. पडदा १०२४ बाय ६०० आहे, त्यावर ए४ चं उभं पान म्हणजे छळ. मी पान ६ बाय साडेतीन इंचांचं करते, अक्षर २२ चं, एका पडद्यावर एक प्रवेशाचा तुकडा. तुमचं एका पडद्यावर एक कडवं आणि धृपद मावेल.

---

मडगावकार७७

यूट्यूब चालेल काय मग त्याच्यावर?

---

म्हापसा_सोल्डर

३६०पी दर्जावर रडतखडत. त्या ग्राफिक्सला आजचा व्हिडिओ उलगडता येत नाही, सगळा भार बिचाऱ्या ॲटमवर पडतो. फायरफॉक्सनेही १४४ नंतर ३२ बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती काढायचं थांबवलं. म्हणून म्हणतो, त्याला नेटपासून लांबच ठेवा.

बाईंचं रॅमबद्दलचं म्हणणं मान्य. मला गिऱ्हाइकाला दोन्ही विकायची सवय.

---

पेटीवाला_सावई

दहा दिवस गायब होतो, माफ करा. सगळं सांगतो.

डिस्क केसात घालून ऑफिसातल्या मित्राकडे लावली. पहिल्यांदा दिसलीच नाही. दुसऱ्यांदा दिसली, पदांचं फोल्डर आलं, शिवाजीची फाईल आली, तानपुऱ्याच्या सातांपैकी पाच आल्या आणि सहावीला ती जी अडकली ती कायमचीच. काळी चारच्या सुरातला तानपुरा गेला. परत रेकॉर्ड करीन.

रॅमच्या दातांवर खरोखर मळकट थर होता, खोडरबर काळा झाला. बसवली, बटण दाबलं, आणि काही नाही. मी तोंड पाडून बसलो. बायको म्हणाली टक् आवाज दोन्ही बाजूंनी आला होता का? डावीकडून आला नव्हता. परत बसवली आणि कंपनीचं नाव झळकलं. सेल वायरवाला निघाला, मीटरवर १.१ व्होल्ट. तो मागवायला चार दिवस गेले.

एसएसडी १२० ची घेतली. जुन्या डिस्कपेक्षा पातळ, ७ मिलिमीटर, जागा साडेनऊची, म्हणून आत खुळखुळत होती. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून खाली घातला. अँटीएक्स मित्राने घातलं. रॅम १ जीबीच ठेवली. बॅटरी नवी तीन सेलची. एकूण हिशेब तीन हजारांच्या थोडा वर गेला, पण बॅटरी नसती तर आतच होता.

पीडीएफचं काम मात्र लांबलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आडवी पानं करायला बसलो आणि कळलं की साडेचारशे पदांत तीस-पस्तीस दोनदा टाइप झालीयत, एकदा माझ्या हातची, एकदा भावाच्या, आणि दोघांचे पाठ वेगळे. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. दोनशे दहा झालीत, बाकीची चवथीपर्यंत.

एक नवीनच भानगड. कालच्या तालमीत तानपुरा नेटबुकातून मिक्सरला दिला. चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूंऽऽ, काढला की गप्प. तानपुऱ्याच्या खाली दुसराच एक षड्ज लागल्यासारखा, आणि तो सुरातही नाही. नेटबुक बिघडलंय काय?

---

म्हापसा_सोल्डर

नेटबुक ठीक आहे. चार्जरमधली गडबड हेडफोनच्या वायरीतून मिक्सरच्या अर्थिंगपर्यंत जातेय. ऑडिओवाल्या दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर मागा, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली वायर असते, दोन्हीकडे साडेतीन मिलिमीटरचा जॅक. तोवर तानपुरा लावताना चार्जर काढून ठेवा, नवी बॅटरी आहेच.

आणि चवथ झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेल, बॅटरी अर्धी भरून वेगळी ठेवायची. पावसात पंधरा दिवसांनी एकदा तासभर चालू करायचं.

---

विंगेतली_बाई

दादा, दोन पाठांपैकी भावाचे टाकू नका. वेगळ्या फोल्डरात ठेवा.

---

पेटीवाला_सावई

तो शेजारी बसूनच वाचतोय, टाकतो कसला.