'लोकगीत' की 'लोकसंगीताचा बाज'?

प्रश्न : 2022 साली इटलीतल्या तुरिनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत युक्रेनचं 'स्तेफानिया' हे गाणं 631 गुण मिळवून पहिलं आलं. त्याला मराठीत 'लोकगीत' म्हणता येईल का? गाण्यात चक्क रॅप आहे.

उत्तर : लोकगीत नकोच. लोकगीताला कर्ता असतो, पण त्याचं नाव मागे उरत नाही. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या, कुणाला सांगता येतं? 'स्तेफानिया' तर कलुश ऑर्केस्ट्रा या युक्रेनी बँडच्या ओलेह प्स्यूक यांनी आपल्या आईसाठी केलेलं. स्तेफानिया हे आईचंच नाव. शिवाय या स्पर्धेला नवं गाणं लागतं. आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरआधी बाजारात आलेलं चालत नाही, मग पिढीजात गाणं तिथे जसंच्या तसं कसं जाणार?

'लोकसंगीताचा बाज असलेलं गाणं' म्हणावं. एखाद्या गाण्याला लावणीचा बाज आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती लावणी असायलाच हवी असं नाही. ठेका आणि शब्दांची फेक तशी असली की पुरे. 'लोकगीतावर आधारित' मात्र टाळा. त्यातून मूळ एखादं जुनं गाणं होतं असा अर्थ निघतो.

– 'ढंग' का नको?

– ढंगात गाणाऱ्याची अदा येते, नाचणं-वावरणं येतं. 2004ला इस्तंबूलमध्ये हीच स्पर्धा जिंकलेल्या युक्रेनच्या गायिका रुस्लानाच्या 'वाइल्ड डान्सेस'ला तो शोभेल. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांचे त्रेंबिता, म्हणजे माणसाहून लांब लाकडी कर्णे, चामड्याचे पोशाख, जोरकस नाच, सगळं त्यात होतं. 'स्तेफानिया'ची ओढ धृपदात आहे, ते अंगाईसारखं घोळतं. तिथे मला 'बाज'च बरा वाटतो.

'स्तेफानिया'तल्या फुंकून वाजवायच्या वाद्यांबद्दलही सांगतो, कारण त्या सगळ्यांना सरसकट 'बासरी' म्हटलं जातं. सोपिल्का उभी धरून टोकाकडून फुंकतात, म्हणजे आपल्या अलगुजाच्या जातीची. बासरी आडवी. तेलेंकाला तर बोटांची भोकंच नसतात! लांब नळीचं खालचं तोंड बोटानं झाकायचं-उघडायचं आणि फुंकीचा जोर कमीजास्त करायचा, त्यातून सूर निघतात. तिला 'बिनभोकांचा पावा' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाद्य डोळ्यांपुढे दिसेल.

– मथळ्यात जागा कमी असते. 'लोकबाजाचं गाणं' चालेल?

– चालेल. पहिल्या वाक्यात मात्र पूर्ण लिहा, नाहीतर वाचणारा 'लोकगीत'च समजेल.