लक्ष ठेव म्हणजे नेमकं काय?

वॉर्डातल्या मदतनीसाला काम सोपवलं की नर्स मोकळी, असं म्हटलं जातं. नर्स म्हणून मला ते पटत नाही. बीपी घेणं, स्पंज देणं (ओल्या कपड्याने अंग पुसणं), युरिन बॅग रिकामी करून माप लिहिणं हे मदतनीसाला देता येतं. त्या आकड्यांवरून पेशंटचं काय चाललंय हे ठरवणं देता येत नाही.

मदतनीसाला काम सांगावं कसं, हे मात्र कुणी बोलत नाही. ‘चार नंबरच्या बेडकडे लक्ष ठेव’ म्हणून काही होत नाही (लक्ष काय, सगळेच ठेवतात!). मी सांगते, ‘दर तासाला लघवी मोज, ३० मिलीपेक्षा कमी भरली तर चार्टवर लिहायच्या आधी मला हाक मार.’ मग तेच मदतनीसाच्या तोंडून वदवून घेते. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करायचं काम मात्र मी कुणाला देत नाही, चक्कर यायची ती बहुतेक तेव्हाच येते.