देहधारण की अवतार? परग्रहवासी आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातले शब्द

प्रश्न
पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव असतील तर ख्रिस्ताने केलेले तारण त्यांनाही लागू होते का, या वादावरच्या लेखात ‘तिथेही देवाचे अवतार झाले असतील’ असे वाक्य आहे. ‘अवतार’ चालेल की ‘देहधारण’च (देवपुत्र ख्रिस्ताने मनुष्य होणे) हवे? ‘जग’, ‘तारण’ (पापातून सुटका) आणि ‘परग्रहवासी’ या शब्दांबद्दलही मत हवे आहे.

प्रतिसाद
‘देहधारण’च लिहा. ‘अवतार’ या शब्दात अनेकवचन आधीपासूनच सुखाने नांदते. मत्स्य, कूर्म, वराह ज्याच्या ओळखीचे आहेत त्या वाचकाला दुसऱ्या ग्रहावर आणखी एक अवतार झाला यात अडचण दिसणार नाही, आणि वादाचा सगळा जीव तर त्या अडचणीतच आहे. रोमकरांस पत्र 6:10 म्हणते की ख्रिस्त पापाला ‘एकदाच’ मेला. मूळ ग्रीक शब्द ‘एफापाक्स’, म्हणजे एकदा आणि कायमचे. इब्री लोकांस पत्रातही तो 7:27, 9:12 आणि 10:10 असा पुन्हा पुन्हा येतो. ख्रिस्त एकदाच मेला आणि उठला, असे सांगून प्रोटेस्टंट धर्मसुधारक मेलांक्थनने 1549 मध्ये अनेक जगांची कल्पना नाकारली. रूढ ख्रिस्ती धर्माचा टीकाकार लेखक थॉमस पेनने 1794 मध्ये हाच मुद्दा उलटा फिरवला: जगे असंख्य मानली तर देवपुत्राला एका जगातून दुसऱ्या जगात मरत फिरावे लागेल, म्हणून ख्रिस्ती श्रद्धाच टिकत नाही.

दुसरा फरक अधिक खोल आहे. अवतारकार्य संपले की ते रूप संपते. ख्रिस्ती शिकवणीत पुत्राने घेतलेले मनुष्यत्व पुनरुत्थानानंतर आणि स्वर्गारोहणानंतरही त्याचेच राहते. त्यामुळे दुसरे देहधारण मानले तर आधीचे गळून पडत नाही, एकाच व्यक्तीत आणखी एक स्वभाव (जीव ज्यामुळे तो जीव ठरतो ते सारे) जोडला जातो. हे शक्य आहे का? मध्ययुगीन ईश्वरविज्ञानी थॉमस अक्विनासने ‘सुम्मा’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात (प्रश्न 3, कलम 7) शक्य म्हटले आहे, कारण दैवी व्यक्तीचे सामर्थ्य एका निर्मित स्वभावाने संपत नाही. मात्र तो तिथे दुसऱ्या मनुष्यस्वभावाबद्दल बोलतो आहे. ‘अक्विनासने परग्रहांवरचे देहधारण मान्य केले’ असे लिहिणे चूक ठरेल. तो धागा परग्रहांपर्यंत नेला मॅस्कलसारख्या विसाव्या शतकातल्या ईश्वरविज्ञानी लेखकांनी.

प्रतिसाद
‘अवतार’ नको हे मान्य, पण ‘देहधारण’ही अपुरा आहे. पुत्राने फक्त देह घेतला, मनुष्याची बुद्धी घेतली नाही, असे चौथ्या शतकात अपोलिनारिस हा बिशप म्हणत होता, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ते मत नाकारले. त्यामुळे शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘मनुष्यस्वभाव धारण करणे’ असा खुलासा हवा. ‘स्वभाव’ म्हणजे तापट किंवा शांत असणे नव्हे, तर मनुष्य ज्यामुळे मनुष्य ठरतो ते सारे, म्हणजे शरीर, मन, बुद्धी आणि इच्छा, हेही सांगून टाका.

हा काथ्याकूट अनाठायी नाही. ‘जे धारण केले नाही ते बरे झाले नाही’ हे त्याच शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या ईश्वरविज्ञान्याचे अपोलिनारिसविरुद्धचे वाक्य या वादात निर्णायक ठरते. धारण फक्त मनुष्यस्वभाव केला असेल, तर इतरांचे काय? एक उत्तर कलस्सैकरांस पत्र 1:20 वरून देतात: वधस्तंभावरच्या रक्ताने पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या सर्व गोष्टींचा समेट झाला. विल्यम वोरिलाँग (मृत्यू 1463) हा फ्रान्सिस्कन संघातला ईश्वरविज्ञानी याच बाजूचा. जगे अनंत असली तरी इथला एकच मृत्यू पुरेसा आहे, दुसऱ्या जगात जाऊन पुन्हा मरणे उचित नाही, असे त्याचे म्हणणे.

प्रतिसाद
‘जग’ या शब्दाशी मात्र जपून. पॅरिसचे बिशप एतियेन तांपिए यांनी 1277 मध्ये 219 विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत ‘आदिकारण (म्हणजे देव) अनेक जगे निर्माण करू शकत नाही’ हेही होते. याचा अर्थ ‘चर्चने परग्रह मान्य केले’ असा लावला जातो, तो चुकीचा आहे. तेव्हाचे ‘जग’ म्हणजे मध्यभागी पृथ्वी, भोवती ग्रहतारकांचे गोल, अशी संपूर्ण व्यवस्था. ग्रह हे त्या एकाच जगाचे भाग होते. शिवाय देवाला ते अशक्य नाही एवढेच बंधनकारक झाले, अशी जगे आहेत असे नव्हे. कोपर्निकसने 1543 मध्ये पृथ्वीलाच ग्रह ठरवल्यावर हळूहळू ‘दुसरे जग’ म्हणजे दुसरा ग्रह असा अर्थ रुळला. तेव्हा मध्ययुगासाठी ‘विश्वव्यवस्था’ आणि नंतरच्या काळासाठी ‘वसती असलेले ग्रह’ लिहा.

प्रश्नकर्ता
आणि ‘तारण’? वाचकाला कर्जाचे तारण आठवेल, म्हणून ‘मोक्ष’ लिहावे का?

प्रतिसाद
नको. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, इथे तो विषयच नाही. ‘तारण ठेवणे’ आणि ‘तारण होणे’ यांतला फरक क्रियापदच सांगते.

त्याहून मोठी त्रुटी अशी, की त्या जीवांना तारण लागतेच असे तुमचे वाक्य गृहीत धरते. मूळपाप, म्हणजे पहिल्या मनुष्याच्या पापाचा वारसा, आदामाच्या वंशाला लागले, आणि ते जीव त्या वंशातले नाहीत. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी 2008 च्या मुलाखतीत हीच शक्यता मांडली होती: त्यांची निर्मात्याशी असलेली मैत्री कदाचित अखंडच राहिली असेल. म्हणून वाक्य असे करा (पतन म्हणजे पापात पडणे): ‘तिथेही पतन झाले असेल, तर पुत्राने त्या जीवांचा स्वभावही धारण केला असेल का, की इथला वधस्तंभच त्यांनाही पुरेसा आहे?’

प्रतिसाद
‘परग्रहवासी’ बोलण्यात ठीक, पण एखाद्या उपग्रहाच्या बर्फाखालच्या समुद्रातला जीव त्यात नीट बसत नाही. ‘पृथ्वीबाह्य’ व्यापक आहे, पण नुसते ‘पृथ्वीबाह्य बुद्धिमान’ म्हटले की देवदूतही त्यात येतात. ख्रिस्ती परंपरेला मनुष्येतर बुद्धिमान व्यक्ती नव्या नाहीत, आणि इब्री 2:16 नुसार ख्रिस्त देवदूतांच्या नव्हे, अब्राहामाच्या संतानाच्या साहाय्याला आला. म्हणून ‘पृथ्वीबाह्य देहधारी बुद्धिमान जीव’ असे एकदा पूर्ण लिहून पुढे खुशाल ‘परग्रहवासी’ वापरा.